तिसऱ्या मजल्यावरचा उकिरडा

मी, श्रीमती विजयमाला लालासाहेब फडतरे, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण जुनी सातवी, व्यवसाय शेती, हल्ली नुसतेच घरकाम, मूळ राहणार कोरेगावजवळच्या एका वाडीची, सध्या मुक्काम विश्रामबाग, सांगली, तिसरा मजला, आज फाल्गुन वद्य षष्ठी, शके १९४६, म्हणजेच गुरुवार दिनांक २० मार्च २०२५ रोजी, कोणाच्या दाबाखाली न येता, कसलेही नशापाणी न करता, आपल्या राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे. तारीख मुद्दाम दोन्ही पद्धतींनी लिहिली आहे. कारण कलम चारमध्ये येईल.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असते, पण माझ्या बाबतीत त्यावर वाद आहे, म्हणून पुरावा देते. आज बाजारात शेवग्याच्या शेंगा भरलेल्या मिळतात. कैरीने अजून कोय धरलेली नाही, त्यामुळे ती लोणच्याला घेऊ नये, मेथांब्याला चालेल. पावटा संपला. चाकवत आता जून येतो, त्याची पातळभाजी केली तर तोंडात चोथा राहतो. गहू निघाले, तेव्हा कुरडयांचा चीक काढायला हरकत नाही. एवढे ज्या बाईला कळते तिला भ्रमिष्ट ठरवायचे असेल, तर ठरवणाऱ्याने आधी फ्लॉवर कोणत्या महिन्यात खातात ते सांगावे.

कलम १. मिळकत.

मी राहते तो फ्लॅट माझ्या नावावर आहे. माझ्या आईकडून मला कोरेगावच्या शिवारात जमीन आली होती. मुलगा वीरधवल याची नोकरी सांगलीला, साखर कारखान्याच्या ऑफिसात. माझे यजमान सुभेदार लालासाहेब त्या वेळी हयात होते. ते म्हणाले, "पोराला भाड्याच्या घरात किती दिस ठेवायचं?" म्हणून ती जमीन विकली आणि हा फ्लॅट घेतला. कागद माझ्या नावे करायचा हट्ट लालासाहेबांचा. मला तेव्हा त्याचे काही वाटले नव्हते. दुसऱ्याच वर्षी ते गेले आणि गावात मी एकटी नको म्हणून वीरधवलने मला इकडे आणले.

याशिवाय वाडीत आमच्या जुन्या गोठ्याची मोकळी जागा आणि तिच्या कडेला उकिरडा, एवढे शिल्लक आहे. दागिने म्हणजे गळ्यातले आणि हातातले. बँकेत जे असेल ते पासबुकात दिसेल, त्यात लपवाछपवी नाही.

म्हणजे कायद्याने या घराची मालकीण मी. या घराच्या जाळीच्या दाराला रोज सकाळी बाहेरून कुलूप लागते आणि त्याची किल्ली माझ्याकडे नाही. मला या दारातून आपल्या पायांनी, कोणाला न विचारता, खाली जायचे आहे. भाजी हातात घेऊन बघायची आहे. ही इच्छा मृत्युपत्रात लिहायची नसते, कारण मेल्यावर पुरी होऊन उपयोग नाही. तरी लिहिते, कारण लिहिण्याजोगी दुसरी इच्छा मला नाही.

कलम २. स्वयंपाकघरातील वस्तू.

बिडाचा तवा, लोखंडी कढई, पाटा-वरवंटा आणि काटवट या वस्तू माझी नात क्रांती हिला द्याव्यात. ती पुण्याला शिकते आणि खोलीवर इंडक्शन शेगडीवर नूडल्स उकळून खाते. तिने काटवट शोभेला भिंतीवर लावू नये. लावल्यास ती परत घेऊन ज्याला भाकरी थापता येते अशा कोणालाही द्यावी.

क्रांतीने एकदा फोनवर विचारले होते, "आजी, तू रेसिपी लिहून का ठेवत नाहीस?" बाळ, रेसिपी लिहून काय होणार. जी भाजी दारात येईल ती करायची, ही माझी रेसिपी. पावसाळ्यात शेवग्याचा पाला, तांदुळजा, चिघळ. आषाढात गुळाच्या कापण्या. थंडीत पावटा, वाघ्या घेवडा, कृष्णाकाठची वांगी, आणि हरभऱ्याचा पाला खुडून सावलीत वाळवायचा, तो उन्हाळ्यात काही नसते तेव्हा उपयोगी पडतो. उन्हाळ्यात सांडगे. तुझी आई पूजा फोनवरून भाजी मागवते. जूनमध्ये मटार येतो, दगडासारखा गोठलेला. मी तिला म्हणायचे, "अगं, ह्याला काय चव?" ती म्हणायची, "आई, मला सोलायला वेळ कुठाय?" तिचेही खरेच होते. ती सकाळी लॅबमध्ये जाते, लोकांची रक्ते तपासते आणि दिवेलागणीला परत येते. मग मी सोलत असे. सोलणे हेच माझे काम झाले, आणि सोलणे आले की टरफले आली.

कलम ३. खत.

टरफलांचे काय करायचे, इथून सगळे सुरू झाले. शेंगांची, कांद्याची, पावट्याची टरफले, कोथिंबिरीची देठे हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, गाठ मारून, सकाळी घंटागाडीत टाकायचे. दोन दिवस मी टाकले. तिसऱ्या दिवशी माझ्याने टाकवेना. गावाकडे यातला एक देठ वाया जात नव्हता. मी वीरधवलला सांगून गावच्या उकिरड्यातले मूठभर खत आणवले. दह्याला विरजण लागते तसे याला लागते. गॅलरीत दोन प्लास्टिकचे ड्रम ठेवले, भोके पाडून घेतली, खाली वाळका पाला, वर टरफले, मधून मधून ताकाचे पाणी. पाला सोसायटीच्या आवारातल्याच बदामाचा. तिसऱ्या महिन्यात काळेभोर खत निघाले. मुठीत दाबले की लाडू व्हायचा आणि बोट लावले की सुटायचा. मी ते वीरधवलच्या नाकाशी नेले तर तो म्हणाला, "आई, पहिल्या पावसातल्या शेतासारखा वास येतोय गं." तो तेव्हा खुश होता, हेही इथे नोंदवून ठेवते.

खुश नव्हते ते आमच्या डोक्यावर राहणारे सोसायटीचे चेअरमन. त्यांना वास यायचा. मी त्यांना घरी बोलावले, ड्रमपाशी खुर्ची टाकून बसवले आणि थालीपीठ दिले. त्यांनी दोन खाल्ली, तिसरे मागितले, आणि खाली जाऊन बोर्डावर नोटीस लावली, "गॅलरीत उकिरडा करू नये."

उकिरडा शब्द त्यांनी शिवी म्हणून लिहिला होता. मला तो शिवी वाटला नाही, आणि त्यातूनच पुढचे घडले.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातले दिवे लावून झाले की एक दिवा गोठ्यात, एक विहिरीवर आणि एक उकिरड्यावर नेऊन ठेवतात. उकिरडा म्हणजेही लक्ष्मी. त्याच्यावर वर्षाचे पीक येते. माझ्या सासूने ठेवला, मी ठेवला. गेल्या दिवाळीत मी पणती लावली आणि ड्रमवर ठेवून हात जोडले. गावचा उकिरडा उघड्यावर, ओला, शेणामातीचा. त्याच्यावर पणती विझते, पेटत काही नाही. इथे ड्रम प्लास्टिकचा आणि शेजारी वाळक्या पाल्याचे पोते. एवढा फरक माझ्या ध्यानात आला नाही. वारा आला, पोते पेटले, ड्रम वितळला, आणि वरच्या गॅलरीतून खाली सोडलेली चेअरमनच्या बाईंची नवी साडी अर्धी गेली. कोणाला इजा झाली नाही. भिंतीवरचे लाल नळकांडे कोणाला उघडेना. आग मी विझवली. दुसऱ्या ड्रममधले अर्धे कुजलेले ओले खत घमेल्याने उपसून टाकले आणि विझवली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आग कशाने लागली यावर सगळे बोलले, कशाने विझली हे एकानेही विचारले नाही.

दोन्ही ड्रम माझ्या डोळ्यांदेखत घंटागाडीत गेले. मी रडले. लोकांना वाटले, म्हातारी भेदरली. मी खतासाठी रडत होते.

कलम ४. सातारा स्टँड आणि डॉक्टर.

विरजण गेले तर पुन्हा आणावे लागते. वीरधवलला सांगितले तर तो नाही म्हणणार. म्हणून मार्गशीर्षात एका सकाळी सगळे कामावर गेल्यावर मी पिशवी घेतली, सांगलीहून साताऱ्याची एसटी धरली, तिथून कोरेगावची. वाडीत गेले. उकिरडा जागेवर होता, लोक अजून त्यात टाकतात. चांगले पिशवीभर खत काढले. परत येताना साताऱ्याला अंधार पडला आणि सांगलीची गाडी चुकली. पुढची यायची होती, म्हणून बसले. खताच्या वासामुळे अख्खे बाकडे मला एकटीला मिळाले होते. थंडी होती, पण मी मजेत होते. बऱ्याच दिवसांनी मी एकटी कुठेतरी जाऊन आले होते.

चूक एवढीच की फोन घरी चार्जिंगला राहिला. इकडे पूजाने सगळी सांगली पालथी घातली. वाडीतून कोणीतरी वीरधवलला कळवले आणि तो गाडी घेऊन साताऱ्याला आला. सगळ्या स्टँडासमोर त्याने माझे पाय धरले आणि रडला. "आई, तू हरवलीस तर मी काय करू गं?"

मी म्हणाले, "आरं, मी कुठं हरवलीय? स्टँडावर तर बसलीय."

त्याला ते ऐकूच गेले नाही. दिवाळीत आग, मार्गशीर्षात हे. त्याच्या कारखान्यातल्या एका माणसाची आई अशीच विसरत विसरत घरातून गेली ती परत आली नव्हती. ती गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती. पिशवी त्याने वाटेतच टाकून दिली. पण त्यातली मूठभर माती मी आधीच पदराच्या टोकाला बांधली होती, ती त्याला दिसली नाही.

नंतर त्याने मला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी विचारले, "आजी, महिना कोणता चालू आहे?"

"मार्गशीर्ष."

"तसा नाही. आपला नेहमीचा."

मला तोच नेहमीचा. तरी मी हिशेब केला. "पावटा आलाय, हरभऱ्याला घाटं लागल्यात पर भरलं न्हाईत. म्हणजे डिसेंबर असंल."

"असंल?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लिहिले. "बरं, आज वार कोणता?"

भाजीवाली भामाबाई आमच्याकडे बुधवारी आणि शनिवारी येते. मी म्हणाले, "आज भामाबाई आली न्हाई. बुधवार न्हाई आणि शनिवारबी न्हाई."

त्यांनी पुन्हा लिहिले. सकाळी काय खाल्ले विचारले, तर मी चाकवताची पातळभाजी कशी केली ते सांगितले, डाळीचे पीठ किती लावायचे इथपर्यंत. डॉक्टरांनी वीरधवलकडे बघितले. वीरधवल खाली बघत होता. माझी सगळी उत्तरे बरोबर होती आणि मी नापास झाले.

कलम ५. कुलूप.

दुसऱ्या दिवसापासून जाळीच्या दाराला बाहेरून नवी कडी आणि कुलूप आले. किल्ली पूजाकडे, कारण घरातून शेवटी ती निघते आणि आधी ती येते. किल्ली दोन वेळा फिरते. मग लिफ्टचे दार लागते. मग मी. आतले लाकडी दार मला उघडता येते. ते उघडून मी जाळीपाशी खुर्ची घेऊन बसते. जिना झाडणारी बाई येते, कुरियरवाला येतो, समोरच्या फ्लॅटमधली माणसे जाताना "काय काकू, बसलाय का?" म्हणतात. बसलेय. दुसरे काय करणार.

मला छळत नाहीत. जेवणखाण, औषध, टीव्ही, सगळे आहे. वीरधवल रोज दुपारी फोन करतो, "आई, बरी आहेस ना? गॅस बंद आहे ना?" त्याच्या आवाजात माया असते, म्हणून मला ओरडता येत नाही. ओरडले तर डॉक्टरांच्या कागदावर आणखी एक ओळ वाढेल. राग आला तरी आजार आणि रडू आले तरी आजार. त्यामुळे मी शहाण्यासारखी बसते. एकदा मात्र मी त्याला म्हणाले, "सातारा स्टँडावर मी हरवली नव्हती. इथं हरवलीय." त्याने ते हसण्यावारी नेले.

पहिल्या मजल्यावर निवृत्त हवालदार नाथाजीराव राहतात. ते लालासाहेबांना ओळखत. जाळीपाशी येऊन ते हळूच म्हणाले, "वहिनी, घर तुमच्या नावावर हाय. एक फोन करतो पोलिसांत. कायदा हाय आता म्हाताऱ्या माणसांसाठी."

मी म्हणाले, "नगं. पोरगं हाय माझं."

कलम ५ (अ). दोरी.

हे कलम वीरधवलला वाचून दाखवताना सावकाश वाचावे.

पदराच्या गाठीतल्या मातीवर मी पुन्हा खत लावले. गॅलरीत नव्हे. ओट्याखाली, सिंकच्या आड, दोन जुन्या माठांत. वर फडके बांधले. भामाबाई ही जतकडची. तिची माणसे पूर्वी मेंढरे घेऊन हिंडायची, आता ती नवऱ्याबरोबर सांगलीच्या बाहेर खंडाने रान करते. बुधवारी आणि शनिवारी ती खालून हाक मारते, "आवं काकी, सोडा पिशवी!" मी गॅलरीच्या गजांतून दोरीने पिशवी सोडते. खाली जाताना पिशवीत खत असते आणि वर येताना तिच्या त्या रानातली भाजी. तिने पहिल्यांदा ते हातात घेतले आणि खालून ओरडली, "काकी, सोनं हाय ह्ये. रानात घालू का बँकेत ठिवू?" मी पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले.

चाकवताची जुडी मी वर ओढते तेव्हा तिच्या मुळांना माती असते. ती मी धुऊन टाकण्याआधी थोडा वेळ हातात धरते. बाहेरचे एवढेच मला शिवायला मिळते.

कलम ६. माघातला एक दिवस.

पूजाला माठांचे आधीच कळले होते. रक्त तपासणारी बाई, तिच्या नाकातून वास सुटत नाही. एका रविवारी तिने सिंकखाली वाकून बघितले, फडके उचलले, पुन्हा झाकले, आणि फिनेलच्या बाटल्या नि बादली माठांच्या पुढे ओढून ठेवली. वीरधवल बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. मी लसूण सोलत राहिले.

माघात एके दिवशी वीरधवल पहाटेच कोल्हापूरला गेला होता. पूजा नेहमीसारखी "आई, येते" म्हणाली, दार ओढले, आणि किल्ली फिरल्याचा आवाज आला नाही. मी वाट पाहिली. लिफ्ट गेली. मी जाळीतून बोटे घालून बघितले तर कुलूप कडीत नुसते अडकवलेले होते.

मी लुगडे बदलले. चपला घातल्या, पिशवी घेतली. बोटांनी कुलूप काढले, कडी सारली, आणि दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले. त्या दिवशी शनिवार होता. खाली भामाबाईचा आवाज येत होता, ती कोणाशी तरी वांग्यांवरून भांडत होती. तीन जिने उतरले की मी तिच्या पाटीपाशी.

मग माझ्या मनात आले, एकदा उतरले की मी बाजारापर्यंत जाणार, आणि तिथल्या गोंगाटात वीरधवलचा दुपारचा फोन मला ऐकू यायचा नाही. मी उचलला नाही तर तो पूजाला लावेल. तो तिच्यावर हात टाकणारा नाही, आवाजही चढवणार नाही. तो एवढेच म्हणेल, "पूजा, तुझ्या भरवशावर आईला ठेवली होती." उद्या मला खरेच काही झाले, पाय घसरला, गाडीने ठोकरले, तर हे वाक्य तिला जन्मभर पुरेल. मी पुष्कळ वेळ उभी होते. भामाबाईने हाक मारली.

मी आत आले, दार ओढून घेतले, जाळीतून बोटे घालून कडी सारली, आणि कुलूप होते तसे अडकवून ठेवले. माझ्या हाताने.

संध्याकाळी पूजा आली. तिने चपलांकडे बघितले, मग माझ्याकडे. "आई, गेला नाहीत?"

"कुठं जायचं?"

"खाली. भामाबाईंपर्यंत तरी."

"गुडघं दुखत हुतं," मी म्हणाले.

गुडघे दुखत नव्हते, हे तिला कळले. ती साडी न बदलता माझ्यापाशी फरशीवर बसली आणि ओला हरभरा सोलायला लागली. बराच सोलून झाल्यावर म्हणाली, "मी ह्यांना सांगितलं दोनदा. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, तुझी आई असती तर असं म्हणाली असतीस का. आता मी त्यांना काय सांगू?" तिची आई माधवनगरच्या मिल चाळीत वारली, पूजा तेव्हा तिच्यापाशी नव्हती, इथे होती. त्या दिवसापासून वीरधवलने हे वाक्य तिच्यासाठी ठेवलेले आहे.

सोमवारी सकाळी वीरधवल तिच्या मागे उभा राहून बूट घालत होता. किल्ली दोन वेळा फिरली.

कलम ७. वाटणी.

वर लिहिलेला फ्लॅट माझ्या पश्चात माझी सून सौ. पूजा वीरधवल फडतरे हिच्या एकटीच्या मालकीचा व्हावा. वीरधवलचा अथवा अन्य कोणाचा त्यावर हक्क राहणार नाही. या जगात पूजाच्या नावावर एक स्कूटी आहे. माहेरचे घर भावांचे, सासरचे घर माझे, आणि किल्ली सांभाळायची जबाबदारी तेवढी तिची. उद्या तीही म्हातारी होईल. तिलाही मूठभर काहीतरी पेरावेसे वाटेल, कोणीतरी डॉक्टर तिला वार विचारेल. त्या वेळी घराचा कागद तिच्या नावे असला म्हणजे सगळे टळेल असे नाही, ते माझ्यावरून दिसतेच आहे. पण हे घर तिचे आहे, एवढे तिला माहीत तरी असेल. मी हे तिला सांगितलेले नाही. तिने मागितलेले नाही.

एकच अट. जाळीच्या दाराची बाहेरची कडी सुताराकडून काढून घ्यावी आणि भोके लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवावीत.

वीरधवल, तुला गावची गोठ्याची जागा आणि उकिरडा देते. तुझ्या वडिलांची ट्रंक आणि पदकेही तुला. तुला वाईट वाटेल. वाटू दे. मी तुझ्यावर रागावले आहे, पुष्कळ रागावले आहे, आणि तू जेवला नाहीस तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये मी या फ्लॅटमध्ये बसले आहे. गावच्या जागेला भिंत नाही, दार नाही. तिथे जाऊन एक दिवस बस.

दागिने क्रांतीला. बँकेतले क्रांतीच्या शिक्षणाला. चेअरमन यांच्या बाईंना एक साडी घ्यावी, रंग त्यांनी निवडावा. चेअरमन यांना काही नाही, थालीपीठे खाऊन झालेली आहेत.

भामाबाईला मला काही ठेवायचे होते, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे नाथाजीरावांचे म्हणणे. म्हणून दोन्ही माठ आजच, जिवंतपणी, तिला देऊन टाकत आहे; जाळीतून ते जात नाहीत, दार उघडे सापडेल तेव्हा तिने न्यावेत. नाहीतरी ते माझ्यामागे कोण ढवळणार.

कलम ८. माझ्या पश्चात.

क्रांतीने सांगितले होते की परदेशात माणसाचेही खत करतात. माझे करू नये. माणसाचे माणसासारखे करावे. तेराव्याला केटररची पनीरची भाजी नको. त्या दिवसांत बाजारात जे असेल ते रांधावे. पावसाळा असेल तर शेवग्याचा पाला, भरपूर लसूण घालून.

मला रात्री मरण आले तर सगळे घरात असतील, तेव्हा अडचण नाही. दिवसा आले तर असे करावे. बुधवारी किंवा शनिवारी हाक मारूनही पिशवी खाली आली नाही, तर भामाबाईने नाथाजीरावांना सांगावे. त्यांनी जाळीतून बघावे. लाकडी दार मी हल्ली उघडेच ठेवते, त्यासाठीच. कुलूप फोडू नये, शेजाऱ्यांसमोर वीरधवलची शोभा होईल. पूजाला फोन करावा, ती स्कूटीवरून येईल. तिला वेगाने येऊ नकोस म्हणून सांगावे. ती येऊन उघडेपर्यंत मी थांबेन.

येणेप्रमाणे लिहून ठेवले. अंमलबजावणीची जबाबदारी क्रांतीवर. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हा कागद नाथाजीरावांच्या कपाटात राहील.

स्थळ: सांगली. २० मार्च २०२५, दुपार.

(सही) विजयमाला लालासाहेब फडतरे

साक्षीदार पहिला: मी, नाथाजी मारुती जगताप, निवृत्त हवालदार, राहणार सदर इमारत, पहिला मजला, लिहून देतो की, श्रीमती फडतरे यांनी मजकूर स्वतः मोठ्याने वाचून दाखवला व आमच्या समक्ष सही केली. वाचताना व सही करताना त्या दाराच्या आत व आम्ही दोघे बाहेर होतो. कागद व पेन जाळीतून दिले-घेतले. (सही) ना. मा. जगताप

साक्षीदार दुसरी: भामाबाई धुळा बंडगर, धंदा भाजीविक्री. आज भाजीचा वार नसताना साक्षीसाठी मुद्दाम आल्या. त्यांना लिहिता येत नसल्याने त्यांनी सांगितले तसे नाथाजी जगताप यांनी लिहिले:

"काकींनी माझ्यासमोर सही केली. म्या डोळ्यांनी बघितली. काकी शान्या हायत, शुद्धीवर हायत. कुलूप भाईरनं हाय."

(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)